बाण कुठून निघतो?



ज्या सरांकडे मी शिकलो, त्यांच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आज मी बोलतो आहे. याच व्यासपीठावरून नामवंत संशोधकांनी आपापल्या कामाविषयी सांगितलेलं मी ऐकलं आहे. मी मात्र आयुष्यभर शिकवलं, आणि तेही बहुतेक काळ पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गांना. म्हणून आज त्या वर्गातलंच बोलणार आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राचा पाया विद्यार्थ्याच्या हाती कसा लागतो, आणि लागता लागता कुठे निसटतो, हा माझा विषय.

आपल्याकडे ऑरगॅनिकची एक ख्याती होऊन बसली आहे. अकरावी सायन्सला गेलेल्या मुलाला थोरली भावंडं सांगतात की फिजिकलला गणित यायला हवं, इनऑरगॅनिक वाचून होतं आणि ऑरगॅनिक पाठ करावं लागतं. मग बारावीच्या दुसऱ्या सहामाहीत हॅलोअल्केन, अल्कोहोल, अल्डिहाइड, अमाइन असे सगळे धडे एकापाठोपाठ अंगावर येतात. अभ्यासाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तक्ते लागतात. नेम रिअॅक्शनचा एक, कन्वर्जनचा एक, कुठल्या रिएजंटने कशाचं काय होतं याचा एक. मूल प्रामाणिकपणे घोकतं, मार्कही मिळवतं, आणि जूनमध्ये पुढच्या वर्गात येतं तेव्हा भिंत रिकामी झालेली असते.

यावर उपाय म्हणून अभ्यासक्रमात मेकॅनिझम आलं. रिअॅक्शन कशी घडते ते शिकवा, मग पाठांतर लागणार नाही, असा त्यामागचा विचार होता, आणि तो रास्त होता. पण वर्गात काय झालं? प्रश्नपत्रिकेत मेकॅनिझम आल्याबरोबर विद्यार्थ्यांनी मेकॅनिझमही पाठ करायला घेतलं. पूर्वी एक ओळ घोकायची होती, आता तिच्याखालच्या चार ओळी आणि सहा बाण. ओझं उलट वाढलं. उत्तरपत्रिका तपासताना हे लगेच कळतं. पुस्तकातलं उदाहरण आलं की बाण अचूक, आणि त्याच रेणूवर एक मिथाइल गट वाढवला की बाण वाटेल तिकडे.

याचं कारण मला असं दिसतं. पुस्तकातला प्रत्येक बाण कुणीतरी केलेल्या मोजमापाचा निष्कर्ष आहे. ते मोजमाप आपण विद्यार्थ्याला दाखवत नाही, निष्कर्ष तेवढा देतो. पुराव्याशिवाय मिळालेला निष्कर्ष पाठच करावा लागतो, दुसरं काही करताच येत नाही. सर फळ्यावर मेकॅनिझम पूर्ण करून खडू ठेवत आणि वर्गाकडे वळून विचारत, “हे असंच होतं कशावरून?” आम्हाला तेव्हा तो प्रश्न जाचक वाटायचा. परीक्षेत तो कधीच येत नसे. आज मला वाटतं, या विषयातला सर्वांत मूलभूत प्रश्न तोच आहे.

आधी त्या बाणाविषयी थोडं सांगतो. इलेक्ट्रॉनांची हालचाल दाखवणारा वक्र बाण छापील स्वरूपात पहिल्यांदा आला तो १९२२ साली, लंडनच्या केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये, विल्यम कर्मॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या लेखात. सहाच वर्षांपूर्वी, १९१६ मध्ये, अमेरिकेत गिल्बर्ट लुईसने मांडलं होतं की दोन अणूंमधला बंध म्हणजे त्यांनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. रसायनशास्त्रज्ञ १८५८ पासून बंधासाठी रेघ काढत आले होते, त्या रेघेत काय आहे ते लुईसने सांगितलं. रेघेतली जोडी जागा बदलते तेव्हा ती कुठून कुठे जाते, हे दाखवायला बाण आला. रॉबिन्सनला पुढे १९४७ चं नोबेल मिळालं, त्याचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे. कर्मॅकचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून त्याच्याविषयी दोन वाक्यं जास्त बोलतो. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात दाहक अल्कली डोळ्यांत जाऊन हा माणूस कायमचा अंध झाला. वय २६. तरीही त्याने काम सोडलं नाही, मनातल्या मनात गणित करत राहिला. १९२७ मध्ये त्याने आणि मॅकेंड्रिक या डॉक्टरने साथीच्या रोगाचा प्रसार सांगणारी समीकरणं मांडली. कोविडच्या काळात आपण रोज ज्या आलेखांबद्दल ऐकत होतो, त्यांचं मूळ तिथे आहे. आणि ती समीकरणं पडताळून पाहायला त्यांनी कुठले आकडे घेतले? मुंबईतले. १९०५-०६ च्या प्लेगमध्ये मुंबई बेटावर आठवड्याला किती माणसं दगावली, त्याचे. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता. पहिला वक्र बाण काढणाऱ्या माणसाचं आपल्या मुंबईशी असं नातं आहे, ते आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता बाण काढताना होणारी चूक बघू. पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगा की पाण्याच्या रेणूला एच-प्लस जोडा आणि बाण दाखवा. निम्मा वर्ग एच-प्लसपासून बाण सुरू करतो आणि ऑक्सिजनवर नेतो. मुलांची विचारसरणी सरळ आहे, एच येतो आहे, म्हणून बाण एचकडून. पण एच-प्लसजवळ इलेक्ट्रॉन उरलेलाच नाही, तो देणार काय? जोडी आहे ऑक्सिजनवर. बाण तिथून निघतो आणि एचवर जातो, मग हालचाल करणारा अणू कुठलाही असो. ही चूक वहीत लाल शाईने दुरुस्त करून भागत नाही. मूल अणूंची ये-जा पाहतं आहे, त्याला जोडीची ये-जा पाहायला लावायची आहे. ही नजर येईपर्यंत पुढचा एकही धडा उघडू नये, या मताचा मी आहे. महिना गेला तरी चालेल.

तो महिना कशावर घालवायचा? आम्लं आणि आम्लारींवर. सेंद्रिय रसायनशास्त्राची पुस्तकं हा भाग दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात उरकतात आणि मुलंही ‘हे तर दहावीत झालं’ म्हणून पुढे सरकतात. माझ्या मते सगळा पाया इथे आहे, कारण इथे बाणाची परीक्षा लगेच घेता येते, तीही परीक्षानळीत.

तुमच्यापैकी अनेकांनी मिश्रण वेगळं करण्याचं प्रॅक्टिकल केलं असेल. बेन्झॉइक आम्लावर सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण घातलं की फसफसून बुडबुडे येतात. फिनॉलवर घातलं तर काही होत नाही. जर्नलमध्ये लिहायचं की बुडबुडे आले, आम्ल आहे. आले नाहीत, फिनॉल असू शकेल. बहुतेकांचं शिक्षण इथे थांबतं. पण दोन्हीकडे ऑक्सिजनवरचा हायड्रोजनच सुटायचा आहे, मग फरक का? हायड्रोजन गेल्यावर मागे राहिलेला ऋणप्रभार कुठे कुठे पसरू शकतो, ते बाणांनी काढून बघा. बेन्झोएटमध्ये तो दोन ऑक्सिजनांवर सारखा वाटला जातो. फिनॉक्साइडमध्ये तो एका ऑक्सिजनवर आणि कड्यातल्या कार्बनांवर जातो, आणि कार्बनला ऋणप्रभार ऑक्सिजनइतका मानवत नाही. म्हणून बेन्झॉइक आम्लाचा पीकेए (हा आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र) ४.२ आणि फिनॉलचा १०. बायकार्बोनेट ज्यातून येतं त्या कार्बॉनिक आम्लाचा ६.४, दोघांच्या मधे. बुडबुडे येण्या-न येण्याचं सगळं गणित या तीन आकड्यांत आहे. एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट हे धरलं, तर बेन्झॉइक आम्ल फिनॉलच्या काही लाख पट तीव्र ठरतं.

इथवर आल्यावर मी पिक्रिक आम्ल काढत असे. प्रयोगशाळेत ते पाण्याखाली ठेवलेलं असतं, कारण कोरडं झालं तर स्फोटक. त्याचा कणभर नमुना बायकार्बोनेटमध्ये टाकला की बुडबुडे येतात. मग मी फळ्यावर रचना काढायचो. फिनॉलच, फक्त कड्यावर तीन नायट्रो गट. ‘फिनॉलला बुडबुडे येत नाहीत’ हे ज्याने पाठ केलं आहे तो इथे अडतो, आणि त्याचं अडणं मला फार मोलाचं वाटतं. कारण आता त्याला बाण काढावेच लागतात. फिनॉक्साइडचा ऋणप्रभार कड्यावर ऑर्थो आणि पॅरा जागांवर येतो. बरोबर त्याच जागांवर नायट्रो गट बसलेले आहेत आणि तो प्रभार पुढे आपल्या ऑक्सिजनांवर ओढून घेत आहेत. पीकेए उतरतो तो थेट ०.४ वर. पण तीन नायट्रो गट जवळ असल्यामुळेच हे झालं, जागेचा काय संबंध, असं एखादी हुशार मुलगी विचारते. विचारलंच पाहिजे. तिला मग एकाच नायट्रो गटाची फिनॉलं द्यायची. गट पॅरा जागेवर असला तर पीकेए ७.१, मेटा जागेवर असला तर ८.४. गट तोच, फक्त एक घर सरकला, आणि आम्लाची तीव्रता दहापटीहून जास्त बदलली. मेटा जागेवर बाण पोचतच नाही, हे तिने आधी कागदावर काढलेलं असतं. आता आकडा तेच सांगतो. यानंतर त्या मुलीला बाण पाठ करावे लागत नाहीत.

याच गोष्टीचं दुसरं उदाहरण आपल्या घरात आहे. कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की डाग लाल होतो. मुरगळलेल्या पायावर आजी हळद-चुन्याचा लेप लावायची, तोही लाल. वर लिंबू पिळलं तर पुन्हा पिवळा. हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूत दोन टोकांना दोन फिनॉली कडी आहेत आणि मधली साखळी एकाआड एक दुहेरी बंधांची. साबण किंवा चुना फिनॉलचा हायड्रोजन काढून घेतो, मागे राहिलेला ऋणप्रभार साखळीभर पसरतो, रेणू वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषायला लागतो आणि आपल्याला पिवळ्याच्या जागी लाल दिसतं. लिंबू हायड्रोजन परत देतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे बाण काढता येतात. रसायनशास्त्राचा प्रश्न घेऊन मुलं स्वतःहून माझ्याकडे आली आहेत ती या एका तासानंतर.

बाणाच्या पाठोपाठ दुसरा पाया म्हणजे आकार. कागद सपाट, फळा सपाट, मोबाइलचा पडदा सपाट, आणि रेणू सपाट नाहीत. कार्बनचे चार हात चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात, हे वाक्य बारावीच्या प्रत्येक मुलाला येतं. कशावरून, हे क्वचितच कुणाला येतं. १८७४ साली २२ वर्षांच्या व्हान्ट हॉफने आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल बेलने हे स्वतंत्रपणे मांडलं. तेव्हा रेणू दाखवणारं कसलंही यंत्र नव्हतं. त्यांच्याजवळ होती ती मोजणी. मिथेनच्या चार हायड्रोजनांपैकी दोन काढून तिथे क्लोरिन बसवा. कार्बन सपाट चौकोनी असता तर दोन प्रकार मिळायला हवेत, एक शेजारी-शेजारी क्लोरिन असलेला, एक समोरासमोर. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकाच प्रकारचं मिळतं. किती आयसोमर सापडले आणि किती सापडले नाहीत, एवढ्यावरून त्यांनी रेणूचा आकार ओळखला. जर्मनीतला मोठा रसायनशास्त्रज्ञ कोल्बे याने व्हान्ट हॉफवर जाहीरपणे झोड उठवली, पशुवैद्यकीय शाळेतल्या मास्तराच्या कल्पनेच्या भराऱ्या म्हणून त्याची हेटाळणी केली. व्हान्ट हॉफने मात्र पुठ्ठ्याची चतुष्फलकं बनवून आपल्या ओळखीच्या रसायनशास्त्रज्ञांना पाठवली होती. १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं, अर्थात वेगळ्या कामासाठी.

हे सांगून मी वर्गाला कणकेच्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या आणायला सांगायचो. विकतचे मॉडेल संच चांगले असतात, पण सगळ्यांना परवडत नाहीत आणि कपाटात कुलूपबंद राहतात. चार वेगळ्या रंगांच्या गोळ्या एका मधल्या गोळीला जोडायच्या, मग त्याची आरशातली प्रतिमा बनवायची आणि दोन्ही एकमेकांवर बसवून बघायच्या. बसत नाहीत. ही गोष्ट डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. मग पुदिना आणि बाळंतशेपा वर्गात फिरवायचा. पुदिन्याच्या वासाला आणि बाळंतशेपांच्या वासाला कारण असलेला प्रमुख पदार्थ एकच, कार्व्होन. अणू तेच, बंध तेच, उत्कलनबिंदू तोच. एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा, आणि आपलं नाक दोन्ही सहज ओळखतं.

आता बाण आणि आकार एकत्र येतात तो प्रयोग. माझ्या मते पदवीच्या विद्यार्थ्याला सांगण्यासारखा याहून सुंदर प्रयोग नाही, म्हणून सावकाश सांगतो. एसएन-टू हे नाव तुम्हाला माहीत आहे. कार्बनवर एक गट बसलेला आहे, दुसरा येतो आणि पहिल्याला हटवतो. पुस्तक म्हणतं की येणारा नेहमी पाठीमागून येतो, आणि त्या भरात रेणू छत्री उलटावी तसा उलटा होतो. कशावरून? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ह्यूज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३५ साली हा प्रश्न धसाला लावला. त्यांनी घेतलं २-आयोडोऑक्टेन, एकाच हाताचं, म्हणजे दोन आरसाप्रतिमांपैकी एकच असलेलं आणि म्हणून ध्रुवित प्रकाश फिरवणारं. ते अॅसिटोनमध्ये विरघळवून त्यात सोडियम आयोडाइड घातलं, आणि त्या आयोडाइडमधलं आयोडीन किरणोत्सारी होतं. म्हणजे आयोडीनच्या जागी आयोडीनच येणार, पदार्थ बदलणार नाही, पण आत आलेलं आयोडीन नवं आहे हे किरणोत्सारावरून मोजता येणार. कृत्रिम किरणोत्साराचा शोध लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. वापरलेल्या आयोडीनचं अर्धायुष्य २५ मिनिटं, त्यामुळे सगळं झटपट उरकायचं.

त्यांनी दोन गोष्टी मोजल्या. नवं आयोडीन किती वेगाने रेणूत शिरतं, ही एक. आणि प्रकाश फिरवण्याची ताकद किती वेगाने कमी होते, ही दुसरी. आता विचार करा. प्रत्येक अदलाबदलीत रेणू उलटा होत असेल तर काय होईल? शंभर उजवे रेणू आहेत, त्यातला एक डावा झाला. उरले नव्व्याण्णव उजवे आणि एक डावा. तो एक डावा एका उजव्याचा परिणाम रद्द करतो, म्हणजे हिशेबी शिल्लक अठ्ठ्याण्णव. अदलाबदल एक झाली, ताकद दोनाने उतरली. तेव्हा येणारा दरवेळी पाठीमागूनच येत असेल, तर दुसरा वेग पहिल्याच्या बरोबर दुप्पट निघायला हवा. कधी मागून, कधी पुढून येत असेल तर दुपटीहून कमी. मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत तो दुप्पटच निघाला. पुस्तकातला पाठीमागून येणारा बाण या एका ‘दुप्पट’वर उभा आहे. वर्गात हे एकदा नीट सांगितलं की एसएन-टूचं चित्र कुणी विसरत नाही, आणि समजा विसरलंच, तर ते स्वतः पुन्हा काढू शकतं.

दरवेळी पुरावा आपल्या अपेक्षेच्या बाजूनेच येतो असं नाही. १८७० मध्ये मार्कोव्हनिकॉव्हने नियम सांगितला, एचबीआरसारखं आम्ल दुहेरी बंधाला जोडलं जातं तेव्हा हायड्रोजन कुठल्या कार्बनवर जातो, त्याविषयीचा. पुढे काही प्रयोगशाळांत तो जुळायचा आणि काहींत उलटा यायचा. शिकागोत खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये कारण शोधलं, हवा लागून जुन्या नमुन्यांत तयार झालेले पेरॉक्साइड. त्या रिअॅक्शनमध्ये जोडीऐवजी एकेकटे इलेक्ट्रॉन चालतात, म्हणून बाणही अर्ध्या टोकाचा काढायचा. आज मुलं ‘अँटी-मार्कोव्हनिकॉव्ह’ हा शब्द पाठ करतात. बाटली किती जुनी होती या साध्या चौकशीतून हा धडा निघाला, ते सांगायला पाच मिनिटं लागतात.

रॉबिन्सनच्या बाणाची परंपरा आपल्याकडे फार लवकर पोचली होती, हेही इथे नोंदवतो. मँचेस्टरला रॉबिन्सनच्या हाताखाली शिकलेले के. वेंकटरामन १९३८ मध्ये मुंबईच्या यूडीसीटीचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे, पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे. रंगद्रव्यांवरचा त्यांचा बहुखंडी ग्रंथ जगभर वापरला गेला. नेम रिअॅक्शनच्या यादीत ‘बेकर-वेंकटरामन’ असं एक नाव येतं, आणि आपली मुलं ते इतर नावांसारखंच घोकतात. मी त्यांना सांगायचो, नाव बाजूला ठेवा, रेणू बघा. कीटोनच्या शेजारच्या कार्बनवर एक हायड्रोजन आहे, तो आम्लारीने काढला. आता त्या कार्बनवर जोडी आहे. जवळच, त्याच रेणूत, एस्टरचा कार्बन इलेक्ट्रॉनांना भुकेलेला बसलेला आहे. बाण कुठून निघेल? जोडीपासून. कुठे जाईल? त्या कार्बनवर. कडं तयार होईल, फुटेल, आणि एक गट ऑक्सिजनवरून कार्बनवर गेलेला असेल. आम्ल-आम्लारीचा तो पहिला महिना ज्याने मन लावून केला आहे, तो एमएस्सीच्या पुस्तकातली ही रिअॅक्शन दुसऱ्या वर्षात सोडवतो. असे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली, इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्या पानावरच बिचकणारी मुलंही होती. बाण त्यांना थेट कळायचा, मधे इंग्रजीचा उंबरा नव्हता.

मग पाठांतर अजिबात नको का? हवं. कुठलाही कारागीर आपली अवजारं शोधत बसत नाही. पीकेएचे आठ-दहा आकडे ओळखीचे असले पाहिजेत: कार्बॉक्सिलिक आम्ल ५ च्या आसपास, फिनॉल १०, अल्कोहोल १६, कीटोनच्या शेजारचा हायड्रोजन २०, टोकाचा अल्काइन २५, आणि साधं अल्केन पार ५० च्या घरात. विद्युतऋणतेचा क्रम पाठ हवा. गटांची नावं पाठ हवीत. हे एवढं तोंडावर असलं की शंभर रिअॅक्शनांचं पाठांतर वाचतं. उलटं केलं तर काहीच वाचत नाही.

आणि हात चालला पाहिजे. माझी सर्वांत मोठी तक्रार इथे आहे. आजच्या प्रवेश परीक्षा बहुपर्यायी आहेत. चार उत्तरांतून एक निवडायचं. त्यामुळे दोन वर्षं क्लासला जाऊन, उत्तम गुण मिळवून, एकदाही बेन्झिनचं कडं स्वतःच्या हाताने नीट न काढलेली मुलं पदवीच्या वर्गात येतात. कार्बनला पाच हात काढतात आणि त्यांना ते खटकत नाही. खटकणं हे हाताच्या सवयीतून येतं. ज्याने हजार वेळा कार्बन काढला आहे, त्याचा पाचवा हात काढताना पेन अडखळतं. परीक्षा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की निदान एक प्रश्न कोऱ्या कागदावर रचना काढण्याचा ठेवा. तपासायला वेळ लागेल, खर्च येईल, हे मला माहीत आहे. तरीही ठेवा.

शेवटी, इथे बसलेल्या प्राध्यापक मित्रांसाठी एक प्रयोग सुचवतो. बहुतेक कॉलेजांत तो सहज बसवता येईल. टर्शरी ब्यूटाइल अल्कोहोल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल सेपरेटिंग फनेलमध्ये, मधून मधून दाब सोडत, हलवलं की टर्शरी ब्यूटाइल क्लोराइड मिळतं. त्याचं अॅसिटोनमधलं द्रावण करा. दुसऱ्या भांड्यात पाणी, इंडिकेटर आणि मोजून थोडंसं सोडियम हायड्रॉक्साइड, क्लोराइडच्या दहा टक्के पुरेल इतकंच. दोन्ही एकत्र करायचं आणि रंग जाईपर्यंतचा वेळ मोजायचा. रंग गेला म्हणजे दहा टक्के क्लोराइडची रिअॅक्शन झाली आणि तयार झालेल्या आम्लाने हायड्रॉक्साइड संपवलं.

आता क्लोराइड तेवढंच ठेवून हायड्रॉक्साइड दुप्पट करायचं, आणि सुरू करण्याआधी वर्गाला विचारायचं की वेळ वाढेल की कमी होईल. हायड्रॉक्साइड पाठीमागून हल्ला करत असेल तर ते वाढल्यावर रिअॅक्शनचा वेग वाढेल. तसं पाहिलं तर संपवायचं हायड्रॉक्साइडही दुप्पट झालं आहे. म्हणजे वेळ साधारण तेवढाच यायला हवा. बहुतेक मुलं याच बाजूने हात वर करतात. घड्याळ दाखवतं की वेळ दुपटीहून किंचित जास्त लागला. हायड्रॉक्साइडने वेगात काहीच भर घातली नाही. क्लोराइड आपल्याच गतीने, एकटंच तुटत होतं. हायड्रॉक्साइड फक्त नंतर तयार झालेलं आम्ल टिपत होतं. आणि तो ‘किंचित जास्त’ कुठून आला, तर दहा टक्क्यांनंतरच्या पुढच्या दहा टक्क्यांसाठी क्लोराइड कमी उरलेलं असतं म्हणून. मग अॅसिटोन कमी करून पाणी वाढवून बघा, वेळ झपाट्याने उतरतो, कारण तुटताना तयार होणाऱ्या प्रभारांना पाणी सांभाळून घेतं.

हे झाल्यावरच फळ्याकडे वळायचं आणि मुलांना या रिअॅक्शनचा, म्हणजे एसएन-वनचा, पहिला बाण काढायला सांगायचा. तो कार्बन-क्लोरिनच्या रेघेपासून निघतो आणि क्लोरिनवर जातो, हायड्रॉक्साइडकडून कुठलाही बाण येत नाही. वहीत त्या बाणाच्या शेजारी मुलांनी स्वतः घेतलेले सेकंदांचे आकडे लिहिलेले असतात, आणि कुणी ‘कशावरून?’ असं विचारलं तर त्यांना त्या आकड्यांवर बोट ठेवता येतं.